हॉस्टेलमधली मुलं काय घेतात, कशासाठी घेतात आणि काळजी कुठून सुरू करायची

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे आणि यंदाच मुलांच्या हॉस्टेलचे रेक्टर झालेले एक सर विचारतात: "टेरेसवर बाटल्या सापडतात, जिन्याच्या कोपऱ्यात मावा थुंकलेला असतो, दोन खोल्यांतून गांजाचा वास येतो. नेमकी किती मुलं काय घेतात? यातलं वयाचं खूळ कोणतं आणि आजार कोणता, हे कसं ओळखायचं? व्यवस्थापन म्हणतं, सगळ्यांची अचानक लघवीची तपासणी करा आणि सापडेल त्याला हॉस्टेलमधून काढा. करावं का?"

सर, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीचं काम बरीच वर्षं करते आणि माझ्या ओपीडीत कॉलेजची मुलं-मुली कायम असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: करू नका. का, ते पुढे सांगते. त्याआधी बाकीचं समजून घेऊ, कारण तुम्हाला हॉस्टेलमध्ये रोज त्याचाच उपयोग होणार आहे.

"किती" या प्रश्नापासून सुरुवात करू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू घेतात, पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के आहे. गांजा, चरस, भांग मिळून २.८ टक्के. तंबाखूसाठी २०१६-१७ चं प्रौढांचं सर्वेक्षण आहे. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना दिसले, पण सिगारेट-बिडी ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. बाकी सगळा भार तोंडात धरायच्या तंबाखूचा. हे आकडे सर्व वयांचे आहेत, हॉस्टेलचं चित्र थोडं वेगळं असणार. तरी एक गोष्ट त्यातून निघते: न घेणारे खूप आहेत.

हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्यासमोर बसणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा म्हणतो, "मॅडम, सगळेच घेतात." १९८६ साली पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी एका कॉलेजात हेच मोजलं होतं. आपल्याभोवतीचे विद्यार्थी प्रत्यक्षात जितकं पितात त्यापेक्षा ते बरंच जास्त पितात, असं विद्यार्थ्यांना वाटतं, असं त्यांना आढळलं. पुढे अनेक ठिकाणी हेच दिसलं. टेरेसवर आरडाओरडा करणारे बारा जण अख्ख्या हॉस्टेलला ऐकू येतात, खोलीत झोपलेले दोनशे कुणाला दिसत नाहीत. फर्स्ट इयरचा मुलगा त्या बारांकडे बघून ठरवतो की इथली रीत अशीच आहे. म्हणून तुमच्याकडे एक कळकळीची विनंती: ओरिएंटेशनच्या दिवशी माइकवरून "आजकाल सगळीच मुलं नशा करतात" असं कुणालाही म्हणू देऊ नका. ते खरंही नाही, आणि काठावर उभ्या असलेल्या मुलाला ते परवानगीसारखं ऐकू येतं.

आता "कोण" हे बाजूला ठेवून "कधी" बघा. विद्यार्थ्यांचं घेणं कॉलेजच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. फ्रेशर्स पार्टी, सबमिशन संपल्याची रात्र, गॅदरिंग, शेवटचा पेपर, थर्टी फर्स्ट, पावसाळ्यात लोणावळा-मुळशीकडच्या फार्महाऊसवरचा शनिवार. मधले दिवस कोरडे जातात आणि एका रात्रीत महिन्याभराची कसर काढली जाते. चाळिशीतला दारूडा रोज पितो, विद्यार्थी एका बैठकीत भरमसाठ पितो. त्यामुळे त्याचे धोकेही वेगळे: यकृत खराब व्हायला वर्षं लागतात, पण बाइक घसरायला, गच्चीवरून तोल जायला किंवा उलटी श्वासनलिकेत जायला एक रात्र पुरते.

या "भरमसाठ"चा हिशेब मी मुलांसमोर कागदावर मांडते. तुम्हीही मांडू शकता. ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली घ्या, लेबलवर ८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा लहान पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. थोडक्यात, स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार पेग. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या ६० ग्रॅमला धोकादायक मद्यपान म्हणते. "मी दारू पीत नाही मॅडम, फक्त दोन बिअर," म्हणणारा मुलगा क्वार्टर रिचवून वर आणखी दोन पेग मारलेल्याइतकं पिऊन आलेला असतो. हा हिशेब स्वतःच्या हाताने केला की मुलं गप्प होतात, मग खरं बोलायला लागतात. उपदेशाने हे होत नाही.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे तुमच्या हॉस्टेलमधलं जवळपास सगळं पिणं मुळातच कायद्याबाहेरचं आहे. याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. मित्र बेशुद्ध पडला तरी मुलं फोन करत नाहीत, कारण फोन केला की सगळेच अडकणार. झोपू दे, सकाळी उतरेल, असं म्हणून दार ओढून घेतात. शेवटचा ग्लास पोटात असताना झोपलेल्या मुलाच्या रक्तातलं अल्कोहोल झोपेतही वाढत राहतं, आणि यकृत ताशी साधारण एक लहान पेग एवढंच काम करतं. हलवून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची खोट पडत असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर १०८ लावायचा. तोवर त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे वाकवायचा, गालाखाली त्याचाच हात द्यायचा आणि एकाने शेजारी बसून राहायचं. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोटं घालून उलटी, यातलं काहीही करायचं नाही. हे प्रत्येक मजल्यावर लावा. आणि लेखी जाहीर करा की मित्रासाठी मदत मागणाऱ्यावर त्या रात्रीच्या पिण्यावरून कारवाई होणार नाही. तुम्ही एकच गोष्ट करू शकणार असाल तर ही करा.

"काल मी काय केलं ते आठवतच नाही" हे मुलं हसत सांगतात. पटापट प्यायल्यावर मेंदूतली आठवण नोंदवणारी यंत्रणा बंद पडते, मुलगा मात्र चालत-बोलत असतो, गाडीही चालवतो. असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर लक्ष ठेवायच्या मुलांच्या तुमच्या यादीत तो वर हवा. त्याच्या घरात वडील किंवा काका पिणारे असतील तर आणखी वर, कारण दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. "मला चढत नाही" ही फुशारकी मारणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. ज्याला लवकर चढते, तो लवकर थांबतो.

दारूचा गोंगाट होतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. तंबाखू शांतपणे आपलं काम करत राहते. विद्यार्थिदशेत लागलेल्या सगळ्या सवयींत पन्नाशीपर्यंत सोबत येणारी सवय बहुधा हीच. कॉलेजात सिगारेट चहाच्या टपरीवर सुरू होते, एकेक सुटी घेऊन. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीच चालत नाही. तुमच्या गेटबाहेर चालत जाऊन पावलं मोजा, मग मला सांगा. मावा आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, यांची गोष्ट वेगळी. सांगली-कोल्हापूरकडचा मुलगा मावा आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मुलगा खर्रा बहुतेकदा गावाहूनच घेऊन येतो, सवय दहावी-बारावीत लागलेली असते. त्याला ते व्यसन वाटत नाही, घरात आजोबांपासून सगळे खातात.

अशा मुलाला मी सांगते, स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक येतील अशी उभी धरून तोंडात घालून बघ. जात नसतील तर तोंडाच्या आतलं कातडं ताठ व्हायला लागलेलं असतं, आणि हे सुपारीचं काम आहे. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळली तरी ते चालूच राहतं. वीस वर्षांच्या मुलाची दोनच बोटं जातात आणि त्याचा चेहरा पडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा. सिगारेटवाल्याला मात्र एकच प्रश्न विचारा: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने ओढतोस? संध्याकाळी चहाबरोबर ओढणारा सवयीचा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला लागते, त्याचं शरीर निकोटिनवर चालतंय, त्याला निर्धारापेक्षा निकोटिन गम आणि औषधं जास्त उपयोगी पडतील. १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

गांजाबद्दल मुलांकडे खूप माहिती असते आणि ती बरीचशी इंटरनेटवरची असते. "नैसर्गिक आहे, सवय लागत नाही." लागते. रोज ओढणारा थांबला की पहिल्या आठवड्यात चिडचिड, भूक बंद, झोप उडणं आणि अंगावर येणारी स्वप्नं, हे होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. मुलाला हे आधी सांगितलेलं नसेल तर चौथ्या रात्री तो म्हणतो, "बघा, माझी झोप गांजाशिवाय होतच नाही," आणि परत सुरू करतो. दुसरी गोष्ट, आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा तंबाखू मिसळून वळतात. त्यामुळे सिगारेट न ओढणाऱ्या मुलालाही गांजामार्गे निकोटिनची सवय लागते, आणि गांजा सोडायचा म्हटलं की सिगारेट वाढते. दोन्हींवर एकदम उपचार करावे लागतात.

शनिवारी मित्रांबरोबर टेकडीवर एक जॉइंट फिरवणारा आणि रात्री दार लावून एकटाच ओढणारा, ही एकाच रोगाची दोन रूपं समजू नका. पहिल्याला मित्र आहेत. दुसरा बहुधा वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलेला) असतो, बॅचमेट पुढे गेलेले, घरी सांगितलेलं नाही, मेसमध्ये जायची लाज वाटते, झोप लागत नाही. त्याच्यासाठी गांजा हे झोपेचं आणि लाजेचं औषध झालेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांत हा मुलगा मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो. त्याची उदासीनता आधीची असते, नशा नंतरची, आणि नुसती नशा काढून घेतली तर उदासीनता उघडी पडते. त्याला आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायला हवं. विचारल्याने तसे विचार मनात रुजत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

काही थोड्या मुलांना गांजाने वेड लागण्याची पाळी येते: लोक आपल्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून कुणीतरी बोलतं, असं वाटू लागतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर हा धोका पुष्कळ वाढतो. रूममेट सांगायला आला की "सर, तो हल्ली विचित्र बोलतो", तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन. हे फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून झालेली एमडीची जप्ती तुमच्या लक्षात असेलच. म्हणजे पुण्याला हे बाहेरून यावं लागत नाही. पांढरी पावडर, नाकाने ओढतात. तासाभरात उतरतं आणि लगेच पुन्हा हवं होतं, त्यामुळे एका रात्रीत सगळं पुडकं संपतं. दोन रात्री झोप नाही, जबडा आवळलेला, महिन्याभरात वजन उतरलेलं, पैसे सतत उसने, आणि मंगळवार-बुधवारी जीव नकोसा करणारी उदासी. शनिवार-रविवारनंतर लागोपाठ हे दिसलं तर एमडीचा विचार करा. यात वयाचं खूळ म्हणून सोडून देण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

औषधाच्या दुकानातून येणारी नशा पालकांना तर माहीतच नसते. झोपेच्या, चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांना मुलं "बटण" म्हणतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. रोज घेणाऱ्याच्या गोळ्या तुम्ही धाकाने एकदम बंद केल्यात तर फिट येऊ शकते, म्हणून जप्त करण्याआधी डॉक्टरला विचारा. जिमला जाणाऱ्या मुलांत मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं फिरतात. भूल देताना रक्तदाब पडला तर वापरायचं हे औषध, मुलं ते व्यायामाचा जोर वाढावा म्हणून शिरेत घेतात. खोलीत सिरिंज दिसली की सगळे ब्राउन शुगर समजतात, पण जिमची बॅग शेजारी असेल तर हेही विचारा.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या शेजारच्या हॉस्टेलसाठी सांगते. राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू घेणाऱ्या स्त्रिया १.६ टक्केच दिसतात, आणि त्यामुळेच जिला मदतीची गरज असते ती कुणाला सांगत नाही. मुलगा प्यायला तर बिघडला, मुलगी प्यायली तर तिचं चारित्र्य काढायचं, ही आपल्याकडची रीत. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगांनी तिला जास्त चढतं. आमच्याकडे ती मुलांपेक्षा उशिरा आणि जास्त बिघडलेल्या अवस्थेत पोचते.

आता तपासणी. लघवीची नेहमीची पट्टी काय पकडते ते बघा. रोज गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावरही तीन-चार आठवडे तो लघवीत सापडू शकतो. दारू काही तासांत निघून जाते. एमडी नेहमीच्या पट्टीवर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे दिवाळीत गांजा सोडलेला मुलगा पकडला जाईल आणि परवा रात्री एमडी घेतलेला सुटेल. मुलांना हे तुमच्या-माझ्याआधी कळतं. अशी सरसकट तपासणी करणाऱ्या कॉलेजांत मुलं गांजा सोडून पट्टीवर न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळण्याचा धोका असतो, आणि त्या गोष्टी जास्त घातक आहेत. शिवाय काढून टाकलेला मुलगा जातो कुठे? बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या एका खाटेवर, जिथे रेक्टर नाही, मेस नाही, विचारणारं कुणी नाही. तपासणीला माझा विरोध नाही, उपचार सुरू असताना मुलाच्या संमतीने ती मी स्वतः करते. सरसकट धाडीला आहे.

विकणाऱ्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. हॉस्टेलमध्ये माल पुरवणारा असेल तर तिथे पोलिसच. सीनियरनी ज्युनियरला जबरदस्तीने पाजणं हे रॅगिंग आहे, १९९९ च्या राज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्यातही तडजोड नको. घेणाऱ्यासाठी मात्र अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४अ आहे: व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेली, तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात तिला संरक्षण मिळू शकतं. हे मुलांना कुणी सांगतच नाही.

प्रत्यक्ष काम छोटं आहे आणि सातत्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दारूबाबत दहा प्रश्नांची चाचणी आहे, चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले की बोलायला हवं. कॉलेजच्या समुपदेशकाकडून नाव न लिहिता ती भरून घ्या, गुण मुलाने स्वतःच मोजावेत. वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लॅट यांच्या गटाने विद्यार्थ्यांवर केलेलं काम सांगतं की एक-दोन छोट्या भेटींत, न रागावता, "तू इतकं घेतोस, तुझ्या वयाचे इतकं घेतात, त्यापायी तुझं हे-हे झालं" एवढं मांडलं तरी पिणं कमी होतं. बहुतेक मुलांना एवढंच पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांना आमच्याकडे पाठवा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची मोफत हेल्पलाइन आहे.

घरी कधी कळवायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. जिवाला धोका असेल तर त्याच क्षणी. नाहीतर मुलगा अठराच्या वरचा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिला आहे. त्याला मागे ठेवून फोन केलात तर वडील रात्रीच्या गाडीने येतात, खोलीतच कानाखाली मारतात आणि सामान बांधून गावी नेतात. उपचार तिथेच संपतात. त्यापेक्षा त्यालाच विचारा, घरात आधी कुणाला सांगूया? बऱ्याचदा उत्तर येतं मामा, नाहीतर लग्न झालेली ताई. मग त्यांना बोलवा, मुलगा समोर असतानाच बोला, आणि आई-वडिलांना कोण, कसं सांगणार ते तिघांनी मिळून ठरवा.